विज्ञानाचे अध्यापक, विज्ञानाच्या अध्यापिका : ‘निवड’ या शब्दाचा इतिहास

१

१९५४ हे साल पिंपरीच्या परिसराने दोन कारणांनी लक्षात ठेवले पाहिजे. त्या वर्षी मार्च महिन्यात ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीच्या माळावर पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पिंपरीपासून काही मैलांवर देहूरोड येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे होती.

एकीकडे विज्ञानाचा कारखाना, दुसरीकडे बुद्धिप्रामाण्याचा धम्म. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, असे इतिहासकार म्हणेल आणि ते खरेच आहे. पण या पट्ट्यात जन्मलेल्या दलित मुलामुलींच्या दृष्टीने पाहिले तर संबंध जोडण्याची जबाबदारी कोणावर तरी होती. कारखान्यात जे विज्ञान होते ते वस्तीपर्यंत कोणी आणायचे? अर्थात शिक्षकाने. म्हणून प्रश्न असा की, या पट्ट्यातील शाळांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आणि साध्यासुध्या पदवी महाविद्यालयांत विज्ञान शिकवायला कोण आले, आणि का आले?

स्टाफरूममध्ये हा प्रश्न विचारला तर उत्तर सरळ मिळते : ‘शिकवण्याची आवड होती.’ पुरुष हेच सांगतो, स्त्रीही हेच सांगते. सवर्ण सांगतो, दलितही सांगतो. परंतु एकच वाक्य चार तोंडांतून आले म्हणून त्याचा अर्थ एकच होत नाही. आवड खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. माणूस ज्या दारातून आत जाऊ शकतो त्याच दाराची त्याला पुढे आवड लागते, आणि बंद दारांचा उल्लेख तो हळूहळू सोडून देतो, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘निवड’ या शब्दाचा इतिहास लिहायचा तर बंद दारांपासूनच सुरुवात करावी लागेल.

२

विज्ञानाच्या शिक्षणाचा प्रश्न दलित चळवळीने कधी पाहिलाच नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी स्पष्टपणे मांडले होते की, कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचा फारसा उत्कर्ष होणार नाही; त्यांना गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची, आणि तेच त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे. म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या प्रयत्नांतूनच. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. त्याच्या नावात ‘कला’ आणि ‘विज्ञान’ हे दोन्ही शब्द होते, ही बाब सहज घडलेली नाही.

तरीही पहिल्या पिढीतील दलित पदवीधर बहुसंख्येने कला शाखेचेच निघाले. याचे कारण बुद्धीत नाही, घड्याळात आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग घेता येतात. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी हे विषय सकाळी सात ते दहामध्ये बसवता येतात आणि विद्यार्थी अकराला कचेरीत किंवा गिरणीत हजर होऊ शकतो. रसायनशास्त्राचे तसे नाही. प्रात्यक्षिकाला दुपार लागते. ब्युरेटमधून थेंब पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. गरिबी आहे म्हणून तो थेंब लवकर पडत नाही. त्यावर प्रयोगशाळेचे शुल्क, जर्नल, ॲप्रन, डिसेक्शनची पेटी, फुटलेल्या काचसामानाची भरपाई. ज्याच्या घरी दुपारची मजुरी बुडवणे परवडत नाही त्याच्यासाठी विज्ञान शाखा दुपारीच बंद होते. मुलीच्या बाबतीत तर दुपार आणि संध्याकाळ दोन्ही घराने आधीच वाटून घेतलेल्या असतात : पाणी, सरपण, धाकटी भावंडे.

म्हणजे विज्ञानाचा अध्यापक कोण होणार याची पहिली चाळणी अध्यापक होण्याच्या वेळी लागत नाही. ती अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत लागते.

३

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे बघता बघता कारखान्यांची झाली. टेल्को आली, बजाज आली, त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप्स आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून, १९७२ च्या दुष्काळाने उखडलेली माणसे येथे आली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला आणि गावोगाव कनिष्ठ महाविद्यालये निघाली. त्यांना विज्ञानाचे अध्यापक हवे होते. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि पुण्यात राहून पिंपरी-तळेगावला शिकवणे सोयीचे झाले.

या काळात एम.एस्सी. झालेल्या सवर्ण पुरुषापुढे बरेच रस्ते होते. औषध कंपनीची प्रयोगशाळा, गुणवत्ता नियंत्रण विभाग, उत्पादन विभाग, औषधविक्रीची प्रतिनिधीगिरी, बँकेची परीक्षा. अध्यापन हा त्यांपैकी एक रस्ता, आणि बऱ्याच जणांच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचा. १९७३ च्या सेन समितीनंतर महाविद्यालयीन अधिव्याख्यात्याला ७०० ते १६०० रुपयांची वेतनश्रेणी मिळाली, तेव्हा या रस्त्याला प्रतिष्ठा आली. रात्रपाळी नाही, उन्हाळ्याची सुटी आहे, शिकवण्यांचे जोड-उत्पन्न आहे. अशा माणसाने ‘मी अध्यापन निवडले’ म्हटले तर ते बहुतांशी खरे असते. चार दारे उघडी असताना तो एका दारातून आत गेला.

दलित पुरुषाची गोष्ट निराळी. खाजगी कारखान्यात आरक्षण नव्हते, आजही नाही. तेथील प्रयोगशाळेची जागा जाहिरातीपेक्षा ओळखीने भरली जाई. कोणाचा भाचा, कोणाच्या गावचा, कोणाच्या आडनावाचा. मशीनवर दलित चालत असे, पण हातात परीक्षानळी घेऊन पांढऱ्या कोटात बसायला मात्र आडनाव लागे. याच्या उलट अनुदानित महाविद्यालयात पगार शासनाचा आणि म्हणून नियमही शासनाचा. संस्थाचालक तो नियम टाळत, ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारत. पण बोट ठेवायला नियम तरी होता. कारखान्याच्या गेटवर बोट ठेवायला काहीच नव्हते.

म्हणून दलित अध्यापकाच्या उत्तरात तीन गोष्टी एकत्र येतात : कायद्याने उघडलेले दार, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, आणि ‘शिकलेल्याने शिकवले पाहिजे’ ही चळवळीने दिलेली आज्ञा. सवर्ण सहकारी जेव्हा त्याला ‘तुम्ही मिशन म्हणून आलात’ असे कौतुकाने म्हणतात तेव्हा पहिल्या दोन गोष्टी नकळत पुसल्या जातात. मिशन खरे आहे. पण मिशनमागे उभी असलेली बंद गेटे दिसेनाशी झाली की तेच कौतुक एक नवे अन्यायाचे पांघरूण होते.

४

आता स्त्रियांकडे येऊ. येथे दार नुसत्या रूढीने बंद नव्हते. ते कायद्याने आणि जाहिरातीने बंद होते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे स्त्रीला कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच काम देता येत असे. या बंदीची मुळे १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या ठरावापर्यंत जातात. स्त्री-कामगारांची पिळवणूक थांबावी हा हेतू होता आणि तो चांगला होता. मालकाने त्याचा अर्थ सोयीने लावला. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, पर्यवेक्षकाला पाळी बदलावी लागते, स्त्री रात्रपाळी करू शकत नाही, म्हणून स्त्री नकोच. प्रसूतीरजेचा कायदा आहे, म्हणूनही नको. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. मातृत्वाचा भार काही अंशी समाजाने आणि सरकारने उचलला पाहिजे ही त्यांची दृष्टी होती. तो भार उचलण्याऐवजी मालकवर्गाने स्त्रीलाच गेटाबाहेर ठेवले. संरक्षणाचा कायदा हद्दपारीचे निमित्त झाला.

१९७४ मध्ये टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली. तीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे छापलेले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या तरुणीने, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना संतापाने पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीला बोलावले गेले आणि ती टेल्कोतील पहिली स्त्री अभियंता झाली. ही कथा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. आपण तिच्यातून निराळा धडा घेतला पाहिजे. ज्यांना टाटांचे नाव ठाऊक होते पण पोस्टकार्ड पाठवले तर ते वाचले जाईल असा विश्वास नव्हता, अशा मुलींचे काय झाले? त्या जाहिरातीखालची ओळ वाचून त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि बी.एड.चा अर्ज आणला. ज्याला पुढे ‘शिकवण्याची आवड’ म्हटले गेले त्याची सुरुवात पुष्कळदा अशी आहे.

त्याआधीचा दाखला डॉ. कमला सोहोनी यांचा आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी परीक्षेत पहिल्या आल्यावर त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. त्यांनी हट्ट धरला, अटी सोसून प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन शाळेत त्या काम करीत होत्या. १९४७ मध्ये विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथेही त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर, कडधान्यांवर मोलाचे संशोधन केले, हा त्यांचा पराक्रम. पण प्रयोगशाळा सोडून अध्यापनाच्या पदाकडे येण्यामागे लग्न आणि नवऱ्याचे शहर होते, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. पुरुषाच्या चरित्रात असे वळण सहसा येत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कॉलन्यांत हेच लहान प्रमाणावर घडत होते. नवरा कंपनीत, म्हणून बिऱ्हाड पिंपरीत, बायको एम.एस्सी., म्हणून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात. सकाळचे सत्र, दुपारी घर. सासरची परवानगी मिळते, कारण ही नोकरी ‘सुरक्षित’ आहे. तिच्या निवडीत नवऱ्याची पाळी, मुलांची शाळा, बसचे अंतर हे सगळे आधीच बसलेले असते. मग व्यवस्था या अडचणीलाच गुण ठरवते आणि म्हणते, स्त्री स्वभावतःच ममताळू, म्हणून तिला शिकवणे शोभते. १८४८ मध्ये सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड आले. शिकवणे हे बाईला शोभणारे काम आहे, असे तेव्हा या समाजाला मुळीच वाटले नव्हते. शोभेची व्याख्या कोणाच्या सोयीने बदलते हे त्यावरून ओळखावे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९०१ पासून दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये आहेत. १९४७ च्या ट्रुमन आयोगानंतर त्यांना ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणण्याची प्रथा रूढ झाली. कामगारांची, काळ्यांची, स्थलांतरितांची मुले तेथे शिकतात. तेथील अध्यापकवर्गात स्त्रियांचे प्रमाण मोठ्या संशोधन विद्यापीठांपेक्षा जास्त आहे. विज्ञानाच्या स्त्री-पुरुष अध्यापकांनी हा पेशा वेगवेगळ्या कारणांसाठी का घेतला, हा प्रश्न तेथेही विचारला जातो. परंतु ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोनच रकाने आखून आपले काम भागत नाही.

५

दलित स्त्री कोणत्या रकान्यात बसते? स्त्रियांच्या रकान्यात तिला घातले तर ‘सुरक्षित नोकरी’ हे कारण तिला लावावे लागेल. पण तिच्या आईला ही सुरक्षितता कधी मिळाली? कायदा कारखान्याच्या गेटावर सकाळी सहाचा पहारा देत होता, त्या वेळी रस्ते झाडणारी बाई उजाडण्यापूर्वीच झाडू घेऊन घराबाहेर पडलेली होती. तिच्या अंधाराची कोणाला चिंता नव्हती. रात्र ही पांढऱ्या कोटातल्या स्त्रीसाठी धोक्याची आणि झाडूवालीसाठी नेहमीची, असा हा हिशेब आहे. संरक्षण सर्व स्त्रियांचे नव्हते. ते विशिष्ट घरातल्या स्त्रियांचे होते.

तिला दलितांच्या रकान्यात घातले तरी हिशेब जुळत नाही. नियमाने उघडलेले दार तिच्यापुढेही आहे, पण दाराआड बसलेल्या मुलाखत-मंडळापुढे ती दोनदा उभी राहते, एकदा जात म्हणून, एकदा बाई म्हणून. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये आपली कहाणी सांगितली आहे. विषय विज्ञानाचा नव्हता, संस्कृतचा होता. पण बंद दार तेच. संस्कृतची एम.ए. पदवी हाती असूनही अधिव्याख्यात्याची जागा मिळेना. विवाहानंतर माहेरचे सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव आले आणि मग नेमणूक झाली. पदवी तीच, ज्ञान तेच, स्त्री तीच. फक्त आडनाव बदलले. संस्कृतच्या जागी पदार्थविज्ञान ठेवा, गणित तेच राहते.

विज्ञान विषयांत आणखी एक अडचण आहे. महाविद्यालयात एका विषयाच्या जागाच एक किंवा दोन. बिंदुनामावली विषयवार लावली की आरक्षित बिंदूपर्यंत गाडी पोचतच नाही. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परिपत्रकानंतर हा वाद देशभर पेटला. अखेर २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांपुरता कायदा होऊन संपूर्ण संस्था हा घटक मानला गेला. एकच जागा असलेल्या विभागात आरक्षण म्हणजे कागदावरची भाकरी, हे तोवर कळून चुकले होते.

म्हणून मला असे वाटते की, दलित अध्यापिकेने विज्ञानाचे अध्यापन का स्वीकारले याचे कारण सवर्ण अध्यापिकेच्या कारणापेक्षा दलित अध्यापकाच्या कारणाला जवळचे आहे. तिला अर्ध्या दिवसाची नोकरी नको असते. तिला कायम नोकरी हवी असते. तिच्या पगारावर नुसते जोड-उत्पन्न नव्हे, तर माहेर-सासरची दोन घरे उभी असतात. मात्र घरी आल्यावरचे ओझे तिला सवर्ण स्त्रीइतकेच, किंबहुना जास्त, उचलावे लागते. कारण दलित पुरुषाचे, दुसरी पाळी स्त्रीची. येथे आपल्या चळवळीतील पुरुषांनीही स्वतःला विचारावे : सभेत आपण विज्ञाननिष्ठेवर बोलत असताना आपल्या घरातील विज्ञानाची पदवीधर कोणाच्या चहाचे भांडे धूत होती?

६

गेल्या पंचवीस वर्षांत चित्र पुन्हा बदलले आहे. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि पुढच्या दशकात चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीच्या शेतांवर देशी-परदेशी मोटार कंपन्या आल्या. २००१ मध्ये शासनाने नव्या संस्थांसाठी ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आणले. पुढे ‘कायम’ हा शब्द काढावा लागला, पण अनुदानाचा हात आखडला तो आखडलाच. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे थांबली आणि रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे अध्यापक आले. जेवढे तास तेवढा पैसा, सुटीत शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सांगितला. प्रत्यक्षात हाती काय पडते, हे या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक आहे.

पगार घसरला की पुरुष दुसरीकडे वाट शोधतो आणि ‘बाईला एवढे पुरे’ असे म्हणत संस्था स्त्रीला बोलावते. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात अध्यापकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के दिसते. याचा आनंद मानण्याआधी त्यांतील किती जणी कायम आणि किती जणी तासिकेवर, हे विचारले पाहिजे. त्याच सर्वेक्षणात अनुसूचित जातींचे अध्यापक सुमारे ९ टक्के आहेत. त्या नऊतील स्त्रिया किती, आणि त्यांतील विज्ञानाच्या किती, असे एकेक पायरी उतरत गेले की खाली प्रकाश कमी कमी होत जातो.

कारखान्याचे गेटही आता उघडले म्हणतात. चाकणच्या काही कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर मुलीच मुली दिसतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीलाही मुभा दिली आहे. कलम ६६ गेले, हे बरेच झाले. परंतु प्रशिक्षणार्थी म्हणून कमी मोबदल्यात राबणारे हात हवेत तेव्हा गेट उघडते, आणि प्रयोगशाळेची, संशोधनाची, निर्णयाची खुर्ची भरायची तेव्हा तेच गेट पुन्हा अरुंद होते. बारावी विज्ञान झालेली वस्तीतली मुलगी आज रांगेवर उभी राहू शकते. ती एम.एस्सी. होऊन वर्गात उभी राहील का, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

७

या सर्वांतून एक निष्कर्ष निघतो. विज्ञानाचे अध्यापन स्त्रीने का निवडले आणि पुरुषाने का निवडले, असा प्रश्न सुटा विचारला तर उत्तर खोटे येते. ‘तुमच्यापुढे कोणते दार बंद होते?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. सवर्ण पुरुषाने अनेकांतून एक घेतले. सवर्ण स्त्रीला घराने आणि गेटाने मिळून एक नेमून दिले. दलित पुरुषाला कायद्याने एक उघडून दिले. दलित स्त्रीला तेही ढकलून उघडावे लागले. या चौघांच्या उत्तराला ‘आवड’ हे एकच नाव देणे म्हणजे इतिहास पुसणे होय.

१९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन सिद्ध केला. तोच मार्ग येथे घ्यायला हवा. दापोडीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या पहिल्या पिढीतील अध्यापक-अध्यापिका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या साक्षी विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात : कोणत्या जाहिरातीला अर्ज केला, कोणत्या गेटावरून परतलात, मुलाखतीत काय विचारले, घरी परवानगी कोणी दिली, प्रात्यक्षिकाच्या दुपारी मूल कोणाजवळ ठेवलेत. हे काम अनुदानावर अवलंबून नाही. वही आणि वेळ एवढेच लागते.

त्याबरोबर मागण्याही स्पष्ट हव्यात. रिक्त जागा पूर्णवेळ भरल्या पाहिजेत. बिंदुनामावली संपूर्ण संस्थेची धरली पाहिजे. महाविद्यालयात पाळणाघर पाहिजे, आणि ते केवळ अध्यापिकेच्या नव्हे, अध्यापकाच्या मुलासाठीही. गरीब विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकाच्या दुपारची मजुरी बुडते म्हणून निर्वाहभत्ता पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये जे मागितले होते ते आजही पुरते मिळालेले नाही. ते मिळेल तेव्हा पिंपरीच्या वस्तीतील मुलगी ‘मला शिकवण्याची आवड आहे’ असे म्हणेल, आणि त्या वाक्याचा अर्थ तेवढाच असेल.